सकवारबाईंची निर्वात टाकी

रोज सकाळी घरातून निघताना सासूबाई सकवारबाईंच्या वेणीत गजरा माळायच्या, आणि रोज सकाळी फाटकापाशी आल्यावर सकवारबाई तो काढून नवऱ्याच्या स्कूटरच्या आरशाला अडकवायच्या. मग त्या शेअर ऑटोच्या थांब्याकडे चालू लागायच्या आणि व्यंकटेशराव मोगऱ्यासकट तांबरमच्या रेल्वे ऑफिसात जायचे. ऑफिसातले लोक चिडवायचे, तेव्हा ते म्हणत, "काय करू, घरचे मला सजवूनच पाठवतात." सासूबाई सईबाई हे सगळं खिडकीतून बघायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गजरा तयार असायचा.

आम्ही, म्हणजे माझा भाऊ मंदार आणि मी, मद्रासला वेलचेरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मंदार आयटी कंपनीत होता. मी एम.ए. संपवून त्याच्याकडे आले होते, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. गजऱ्याबद्दल मी एकदा विचारलं तेव्हा सकवारबाई म्हणाल्या, "फुलांत तेल असतें, ऋजू. केसांना लागतें, केसांचें हाताला लागतें, हाताचें टाकीला." आठवडाभर त्या केसांनाही तेल लावत नसत. शनिवारी संध्याकाळी लावायच्या आणि रविवारी रात्री धुवायच्या. मद्रासच्या उकाड्यात त्यांचे केस कायम कोरडे, भुरभुरीत दिसायचे, आणि सईबाईंना त्याची फार लाज वाटे.

तंजावरच्या मराठ्यांचं ते घर. त्यांची मराठी कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, जुन्या वळणाची. बोलता बोलता मधेच तमिळ सुरू व्हायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. सकवारबाईंना देवनागरी सावकाश वाचता यायची, पण वाणसामानाच्या यादीपुरतं मराठी लिहायचं झालं तर त्या तमिळ अक्षरांत लिहीत. वडील राणोजी शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी मुलीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, का केलं ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. कॉलेजात असताना एका मासिकात तिनं वाचलं, की सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत मिसळून जी ऊर्जा निघते ती पृथ्वीवर, एका पात्रात, निर्माण करायचा प्रयत्न चालला आहे. त्या मासिकाचं पान पुढे कुठं गेलं माहीत नाही. ती इच्छा मात्र गेली नाही. लग्न झालं, मूल झालं नाही, मद्रासचं चेन्नई झालं, आणि सकवारबाई गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात वीस वर्षं स्टीलच्या टाक्या तपासत राहिल्या.

त्या टाक्यांमधून हवा काढायची असते. सगळी. प्रयोगशाळांना तशा टाक्या लागतात. जोडकामात केसाएवढी जरी फट असली तरी बाहेरची हवा आत शिरते. म्हणून बाहेरून जोडांवर हेलियम सोडायचा, आणि आतल्या यंत्राला तो सापडतो का ते बघायचं. "माझें काम काय," त्या मला म्हणाल्या होत्या, "आंत काहीं नाहीं हें दाखवायचें."

२००५ च्या डिसेंबरात भारत फ्रान्समधल्या 'इटर' या प्रकल्पात सहभागी झाला. दक्षिण फ्रान्समध्ये, कादाराश नावाच्या जागी, सात भागीदार मिळून तेच सूर्याचं काम करणारं प्रचंड यंत्र बांधणार होते. ते सगळं यंत्र निर्वातात चालणार होतं, म्हणजे तिथं गळती शोधणारी माणसं लागणार होती. सकवारबाई रोज संध्याकाळी नोकऱ्यांचं वेब पान उघडून बघू लागल्या. अर्ज थेट करून भागत नव्हतं, नाव आपल्या देशाकडून पुढे जावं लागायचं. त्यासाठी कुणीतरी जाणत्यानं शब्द टाकायला हवा होता. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

तो शब्द टाकू शकणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, पद्मनाभन. एका संशोधन संस्थेतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. २००८ मध्ये त्यांच्या संस्थेनं गिंडीच्या कारखान्याला एक मोठी टाकी बनवायला दिली होती. दोन माणसं आत उभी राहतील एवढी. ही टाकी चाचणीत उतरली, तर सकवारबाईंचं नाव पाठवायचं पद्मनाभननी कबूल केलं होतं.

"टाकी झाली की हिचं विमान," व्यंकटेशराव म्हणायचे. "मी मागून येणार. तिथं स्कूटर मिळते काय बघतोय."

"तूं येऊन तिथें काय करणार?" सईबाई म्हणायच्या. "सांबार?"

ऑक्टोबरात आयुधपूजा आली. त्या दिवशी मद्रासेत काम करणाऱ्या प्रत्येक वस्तूला गंधकुंकू लागतं. बस, लेथ, पाना, टाइपरायटर, सगळ्यांना. गिंडीच्या कारखान्यात हे काम एळुमलै नावाच्या वेल्डरकडे असे. टाकीचे आतले जोड त्याचेच. तो चंदन उगाळायचा, कुंकू तेलात कालवायचा आणि एकेका यंत्रापुढे उभा राहून टिळा लावायचा. फक्त तपासणीच्या टाक्यांपाशी त्यानं गंध घेऊन यायचं नाही, हा वीस वर्षांचा नियम होता आणि तो सकवारबाईंनी घातला होता. प्लास्टिकच्या पडद्यांनी केलेल्या स्वच्छ खोलीत टाकी असे. तिथं हातमोजे, टोपी, पायावर पिशव्या. तिथं देव नाही, असं एळुमलै म्हणायचा. ती तक्रारही नव्हती.

त्या दिवशी पूजा झाली. दारात कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले, सगळे जेवायला गेले. सकवारबाई पडद्याच्या आत गेल्या. त्या दुपारबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, ते असं: "सगळ्यांना गंध लागलें होतें. त्या मोडक्या पंख्याला पण. हीच एक पोरक्यासारखी उभी होती."

त्यांच्या बोटाला पूजेचं गंध होतं. टाकीच्या आतल्या भिंतीवर, तापमान मोजायची तार धरून ठेवणारी स्टीलची एक बारीक पट्टी होती. तिच्या कडेला त्यांनी बोट टेकवलं. ठिपका तिळाएवढाही नसेल. डोळे मिटून त्यांनी काय मागितलं ते सांगायची गरज नाही. मग डोळे उघडले, आपण काय केलं ते कळलं, आणि त्यांनी लगेच हातमोजे घालून अॅसिटोननं ती जागा पुसली. पुन्हा पुसली. भिंत लख्ख झाली.

पण अॅसिटोन पातळ असतं. गंध त्यात विरघळलं आणि त्या पट्टीच्या मागे, जिथं कापड पोचत नाही अशा सांदीत, ओढलं गेलं. नुसतं कोरडं राहिलं असतं तर खरवडून निघालं असतं. पुसल्यामुळे आत गेलं. हे त्यांना नंतर कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवत आल्या होत्या.

टाकी बंद झाली. बाहेरून तापवायच्या पट्ट्या गुंडाळून ती दिवसेंदिवस भाजली, म्हणजे स्टीलमध्ये मुरलेला ओलावा निघून जावा. पद्मनाभन आले. पंप चालूच होते. दाब उतरत उतरत एका जागी आला आणि तिथून हलेना. हेलियम सोडून बघितला, कुठं गळती नाही. मग आतल्या वायूंची ओळख पटवणारं यंत्र लावलं, आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक, सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखे उंचवटे उभे राहिले. तेल. सकवारबाईंनीच ते ओळखलं आणि टाकी उघडायला सांगितली.

टाकी थंड करून उघडली. एळुमलै टॉर्च घेऊन आत गेला आणि त्या पट्टीपाशी थांबला. पट्टी सोडवली. मागे करपलेली तांबूस रेघ होती.

कारखान्याच्या मालकीणबाई विशालाक्षी अम्मा धावत आल्या. नवऱ्याच्या मागे त्यांनीच कारखाना चालवला होता. "कुंकू?" त्या म्हणाल्या. "टाकीच्या आत? कुणी केलं?"

सकवारबाई तोंड उघडणार, एवढ्यात एळुमलै टाकीतूनच म्हणाला, "मी."

त्यानं त्यांना त्या दुपारी पडद्याच्या आत जाताना बघितलं होतं की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. विशालाक्षी अम्मा त्याला वाट्टेल ते बोलल्या. पद्मनाभन म्हणाले, कामगारांकडून असं होतं, आपल्याकडे श्रद्धा असते, पण मॅडमनी कारण किती पटकन शोधलं बघा. सकवारबाईंनी ते खोडून काढलं नाही. संध्याकाळी जिन्यापाशी एळुमलै त्यांना म्हणाला, "मॅडम, मी काय, इकडे नाही तर तिकडे वेल्डिंग करीन. तुम्ही फ्रान्सला जा. आमच्या कारखान्यातलं कुणीतरी गेलं असं होईल."

त्याला स्वच्छ खोलीतून काढून मागच्या शेडमध्ये लोखंडी फाटकांच्या कामावर टाकलं. टाकी पुन्हा धुतली, पुन्हा भाजली, आणि या वेळी उतरली. अहवाल सकवारबाईंनी लिहिला. 'कामगाराची चूक,' असं त्यात एक वाक्य होतं. पद्मनाभननी त्यांचं नाव पाठवलं.

सगळं मिळालं होतं. तरी त्या दिवसांत मी त्यांना बघायची तर ताटातला भात गार व्हायचा आणि त्या भाताकडे बघत बसलेल्या असायच्या. सईबाई म्हणायच्या, "जायच्या आधीच फ्रान्साची झाली. इथला भात चालत नाहीं." व्यंकटेशराव हसायचे. सकवारबाई मग घास घ्यायच्या.

फोनवर मुलाखत होणार असं कळलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तूं माझी परीक्षा घे. तुला इंग्लिश नीट येतें." मग रोज आमच्या बाल्कनीत मी निवड मंडळ व्हायची. तुम्हाला हे काम का हवं? परदेशी माणसांबरोबर कसं काम कराल? तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा आणि ती कशी शोधलीत ते सांगा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. फार वर्षांपूर्वी एका झाकणाखाली रबरी कडं उलटं बसलं होतं, त्याची गोष्ट. छोटी, निरुपद्रवी, शेवटी थोडं हसू येईल अशी. त्या ती इतक्यांदा बोलल्या की मलाही पाठ झाली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वादळ आलं आणि वेलचेरी पाण्याखाली गेली. तळमजल्यावर गुडघाभर पाणी. व्यंकटेशरावांनी आईला पाठुंगळी घेऊन वर आणलं, मंदारनं गॅसचा सिलिंडर आणला, सकवारबाईंनी कपाटातले कागद आणि साड्या. वीज गेली ती आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मोबाइल मेले, फक्त माझ्या जुन्या फोनमध्ये थोडा जीव होता. सकवारबाईंचं सिम काढून आम्ही त्यात घातलं.

"फोन आला नाहीं तर?" त्या म्हणाल्या.

"येईल, अक्का."

"पाण्यामुळें टॉवर बंद पडला तर?"

"अगो, ते लोक सूर्य बनवणार आहेत," व्यंकटेशराव म्हणाले. "वेलचेरीला एक फोन लावता येणार नाही काय त्यांना?"

फोन आला. आवाज बारीक होता म्हणून स्पीकर लावावा लागला. व्यंकटेशराव जिन्यात जाऊन बसले, शेजारची मुलं वर येऊ नयेत म्हणून. सईबाई आतल्या खोलीत. मी उठू लागले तर सकवारबाईंनी माझं मनगट धरलं, तेव्हा मी तिथंच राहिले. पलीकडे तीन आवाज होते. एक परदेशी बाई, एक परदेशी पुरुष, आणि आपल्या देशाकडून पद्मनाभन.

सुरुवात चांगली झाली. इतकी चांगली की मी श्वास सोडला. त्या टाक्यांबद्दल बोलत होत्या आणि त्यांचं इंग्रजी कुठं अडत नव्हतं. पुरुषानं दोनदा 'उत्तम' म्हटलं. मग बाईनं तो प्रश्न विचारला, जवळजवळ माझ्याच शब्दांत. तुमच्या हातून झालेली एखादी चूक.

सकवारबाईंनी ओठ ओले केले. मला वाटलं, त्या रबरी कड्याची सुरुवात विसरल्या. मी ओठांनीच 'झाकण, झाकण' असं सांगत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"ऑक्टोबरमध्ये," त्या म्हणाल्या, "मी एका टाकीच्या आत कुंकू लावलं."

मग बाईनं विचारलं, "काय लावलं?"

त्यांनी समजावून सांगितलं. लाल पूड, चंदन, पूजा. ठिपका केवढा, कुठं, अॅसिटोननं पुसल्यावर तो सांदीत कसा गेला, तापवल्यावर तेल कसं सुटलं, पडद्यावर काय दिसलं. सगळं क्रमानं, न अडखळता. मला आठवतं, पुरुषानं मधे एक प्रश्न विचारला, अगदी तांत्रिक, आणि त्यांनी त्याचंही उत्तर दिलं.

मग पद्मनाभन म्हणाले, "मॅडम, अहवालात असं नाही."

"नाही, सर. अहवाल मी लिहिला."

"त्यात कामगार आहे."

"कामगार नव्हता, सर. मी होते."

कुणीतरी खाकरलं. बाईनं सौम्यपणे विचारलं की तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का. सकवारबाई म्हणाल्या, "नाही." आभार झाले. फोन बंद झाला, आणि थोड्या वेळानं त्याची बॅटरीही.

व्यंकटेशराव आत आले. "कसं झालं?"

"विचारलें तें सांगितलें."

"म्हणजे चांगलं."

आतून सईबाई म्हणाल्या, "जाणार काय मग ती? स्वेटर विणायला घेऊं काय?" खाली पाण्यात त्यांची खुर्ची दाराला येऊन हळूहळू आपटत होती.

संध्याकाळी मी विचारलंच. का, अक्का? ते कडं पाठ होतं की.

"तोंडांत आलें होतें," त्या म्हणाल्या. "पण ते लोक मला तिथें कशाला नेणार? टाकी बघून 'आंत काहीं नाहीं' म्हणायला. मी म्हटलें की ते पुढें जाणार. पुन्हा कोण उघडून बघतें?" मग म्हणाल्या, "मला जायचें होतें, ऋजू. फार जायचें होतें." एवढं त्या रडत म्हणाल्या. त्याआधी किंवा नंतर मी त्यांना रडताना बघितलं नाही.

नकार जानेवारीत आला, दोन ओळींचा, नम्र. त्याआधीच पद्मनाभनच्या संस्थेनं पुढची टाकी दुसरीकडे दिली होती. विशालाक्षी अम्मांनी सकवारबाईंना बोलावलं. "खरं बोलायचं होतं तर ऑक्टोबरात माझ्याशी बोलायचं," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात त्यांच्याशी बोललात. खोटी मी पडले." त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सकवारबाईंनी आपला डबा आणि चष्मा उचलला आणि वीस वर्षांच्या त्या जागेतून घरी आल्या. मंदीत त्या वर्षी बाकीचं कामही आटत गेलं आणि एळुमलैलाही काढलं.

तो एकदा घरी आला. मस्कतच्या गोदीत त्याला काम लागलं होतं. मला वाटलं निरोप घ्यायला आला असेल. तो आत आलाच नाही, पायरीवर उभा राहून बोलला. त्याचा आवाज चढलेला होता.

"मी अंगावर घेतलं होतं ना, मॅडम? मी मागितलं होतं काय परत? शेडमध्ये गेलो, बायकोनं तोंड सोडलं, सगळं सोसलं. तुम्ही जाल म्हणून. तुम्ही ते फोनवर उधळून टाकलंत. माझं गेलं, तुमचंही गेलं. कुणाला काय मिळालं?"

सकवारबाई दार धरून उभ्या होत्या. "कुणाला काहीं नाहीं, एळुमलै," त्या म्हणाल्या.

तो चप्पल सरळ करून निघून गेला.

आम्ही मार्चमध्ये पुण्याला परतलो. मंदारचीही नोकरी गेली होती. फोन व्हायचे. सकवारबाई तांबरमला एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवत होत्या, आणि पुन्हा अर्ज करत होत्या. आता मागे कुणाचा शब्द नव्हता. देशाकडून नाव जाईल असं काही चिन्हही नव्हतं. तरी संध्याकाळ झाली की ते पान उघडायच्या, नवी जागा निघाली की अर्ज भरायच्या, आणि मला इंग्रजी तपासायला पाठवायच्या. मी तपासायची. वय लिहायच्या जागी दर वेळी थांबायची. त्यांना थांबवायला हवं होतं की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला. साधा वाटला, डेंग्यू निघाला. व्यंकटेशरावांचा फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ते फार सावकाश बोलत होते. एळुमलैला मस्कतला कळवायचं होतं आणि त्यांच्याकडे नंबर नव्हता. माझ्याकडेही नव्हता. शेवटच्या दोन दिवसांत ती तापात बरंच बोलली, ते म्हणाले, पण ते काही बोलणं नव्हे. त्याआधी, शनिवारी सकाळी, शुद्धीत होती. कपाळावरची पट्टी स्वतःच उलटी केली आणि त्यांना विचारलं:

"इंटरनेटचें बिल भरलेंत कां? सोमवारी मला लागेल."